आधी सिल बघा, मग रंग
काल इंग्लंडात एक १९९४ ची माझदा एमएक्स-५ (दोन सीटची, कापडी छताची स्पोर्ट्स कार) बघून आलो, लाल रंग एकदम चकाचक, पण मी आधी गुडघ्यावर बसून मागच्या चाकाच्या पुढे सिलला, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीला, चुंबक लावलं तर चिकटेचना, म्हणजे आत नुसती पुट्टी! सॉफ्ट टॉपचं (कापडी छताचं) पाणी जायची भोकं पानांनी तुंबली की पाणी सिलमध्ये साचतं न पत्रा आतून सडतो, वर इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ. सिल सडलं की एमओटी (इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) फेल, वेल्डिंग करावंच लागतं. गार असताना दुसरा गिअर खरखरला, ते गरम झाल्यावर गेलं, पण अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की मागून ठक्क! डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) की त्याचं माउंटिंग, ते लिफ्टवर चढवल्यावरच कळेल. इंजिन मात्र काय गोड चालतंय हो, जीव अडकलाय तिच्यात.