सात मिनिटांचं काम

18 जानेवारी, रविवार

31 डिसेंबरला संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा व्हरांड्यात पासबुक उघडून बसले होते. चष्म्याच्या एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला, बोट शेवटच्या ओळीवर. काय झालं विचारलं तर म्हणाले, "काही नाही बेटा, या महिन्याची पेन्शन दिसून नाही राहिली."

माझ्या पोटात धस्स झालं. हयातीचा दाखला!

दरवर्षी नोव्हेंबरात तो द्यावा लागतो, नाही दिला तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबते. बाबांनी दिवाळीनंतर मला तीनदा आठवण केली होती. तिन्ही वेळा मी "करते ना बाबा" म्हटलं आणि तिन्ही वेळा ते खरं मानून गप्प बसले. बँकेतही जायची गरज नव्हती. 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनच हे काम घरबसल्या होतं, हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी मीच केलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. बाबा अजनीच्या लोको शेडमधून निवृत्त झाले. पहाटेची पाळी असली की सायकलने जायचे, आणि उशिरा पोचल्याचं मला एकदाही आठवत नाही. 2018 च्या डिसेंबरात नागपुरात पारा 3.5 वर उतरला होता, त्या सकाळीही कानटोपी घालून अंबाझरीला फिरून आले होते. अशा माणसाच्या लेकीने त्यांचं एवढंसं काम दोन महिने टाळलं.

माझा आळस अंथरुणातला नाही. मी सहाला उठते, डबे करते, ऑफिस गाठते. म्हणूनच इतकी वर्षं मी स्वतःला आळशी समजत नव्हते. पण ज्या कामाला कोणी साहेब विचारत नाही, जे घरच्याच माणसाचं असतं आणि जो माणूस रागावणार नाही अशी खात्री असते, तेच काम मी मागे ढकलते. ही गोष्ट मला फार लागली. जो समजून घेतो त्यालाच मी ताटकळत ठेवते.

1 जानेवारीला सकाळी बाबांना अंगणात उन्हात खुर्ची दिली. ॲप उघडलं, आधार क्रमांक टाकला. चेहरा नीट दिसावा म्हणून बाबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. पडद्यावर पापणी मिटायची सूचना आली. बाबांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले आणि तसेच बसून राहिले. "उघडा ना बाबा." उघडले. तिसऱ्या खेपेला जमलं. दाखला तयार झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं झाली होती.

"थांबलेली पेन्शन मिळते पुढे," बाबाच मला समजावत होते. "कामात होती ना तू."

त्याच दिवशी ठरवलं, रोज एक टाळलेलं काम. चहाचं आधण ठेवलं की लगेच, उकळी यायच्या आत निदान सुरू तरी करायचं. चहाशी बांधून घेण्यामागे कारण आहे. लंडनमध्ये 96 लोकांवर सवयींचा एक अभ्यास झाला होता. त्यांनी रोजच्या एका ठरावीक प्रसंगाला जोडून नवी गोष्ट केली, तर ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कोणाला 18, कोणाला थेट 254. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. मला याचा मोठा आधार वाटला, कारण आजवरचे माझे सगळे संकल्प पहिल्या खाड्यालाच सुटले. यंदा 11 तारखेला खाडा झाला, पण 12 ला मी पुन्हा सुरू केलं. माझे 66 दिवस 7 मार्चला भरतील. तोवर नागपुरात ऊन तापायला लागेल, कूलरला नवा वाळा घालायचं काम समोर येईल. दरवर्षी ते एप्रिलपर्यंत लांबतं आणि आई दुपारी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसते. यंदा ते मार्चमध्येच करायचं आहे.

आज आधण ठेवलं आणि कामांची वही उघडली. बाबा समोर पेपर वाचत होते. चष्म्याचा दोरा सुटला होता, तो ते नखाने पुन्हा गुंडाळत होते. 1 तारखेला तो चष्मा माझ्या हातात होता, तरी मी काही विचारलं नव्हतं.

"कधीपासून आहे हा दोरा?"

"दसऱ्यापासून असेल. चालते ना."

वहीत लिहिलंच नाही. चहा झाल्यावर बाबांना गाडीवर मागे बसवलं. रविवार असूनही लक्ष्मीनगरात चष्म्याचं एक दुकान उघडं मिळालं. दुकानदाराने बारीक स्क्रू बसवला, काचा पुसून दिल्या.

बाबांनी तो दोरा उचलला, बोटाभोवती गुंडाळला आणि खिशात ठेवला.