गालाच्या गाठीत मेंढी

ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये घामाने निथळत बसायचं आणि नवी मुंबईतल्या लॅबमध्ये येऊन कुडकुडायचं, असं माझं पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचं, पहिलं वर्ष गेलं. मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला, गारवा लागतो, माणसांचं कोण विचारतंय! आईने विणलेला लोकरी स्वेटर मी ॲप्रनच्या आत घालायचे.

काम तोंडाच्या कॅन्सरचं. गालाच्या आतल्या गाठीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आणि त्याच रुग्णाचा शेजारचा निरोगी तुकडा. उणे ८० अंशांतून काढून कुटायचे, प्रथिनं सोडवून रात्रभर ३७ अंशांवर ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या विकरात ठेवायची. ट्रिप्सिन प्रथिनाच्या साखळीला लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी कापतं. प्रथिनांच्या त्या तुकड्यांचं वस्तुमान यंत्र मोजतं आणि सॉफ्टवेअर प्रथिनाचं नाव लावतं.

त्या सोमवारी निकाल उघडला आणि मी उडालेच. केराटिन म्हणजे कातडी-केसांतलं चिवट प्रथिन, त्याचे प्रकार क्रमांकाने ओळखतात. गाठींमध्ये केराटिन १७ वाढलेलं, ते अपेक्षितच. पण सोबत केराटिन ९, आणि चक्क केसांमधली केराटिनं! निरोगी तुकड्यांत जवळपास नाहीतच. मनातल्या मनात पेपरचं शीर्षकसुद्धा ठरलं.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "केराटिन ९ कुठे सापडतं गं?"

"तळहात, तळपाय..."

"मग हा कॅन्सर गालाचा की तळहाताचा?"

मी फक्त माणसाच्या प्रथिनांशी ताडून पाहिलं होतं. नमुन्यात बाहेरून शिरणाऱ्या प्रथिनांची, म्हणजे भेसळीची, नेहमीची यादी जोडून पुन्हा शोध लावला, तशी केसांची केराटिनं मेंढीच्या नावावर गेली. मी बाहीकडे पाहिलं. ॲप्रनबाहेर दोन बोटं निळी लोकर, आणि ग्लोव्हजच्या कडेला तिचे तंतू.

लोकरीचं एक वेळ ठीक. पण सगळ्या गाठी मी एकाच दिवशी कुटल्या होत्या. हात गारठले म्हणून ग्लोव्हज काढून, उघड्या ट्यूबांपाशीच तळहात चोळत. निरोगी तुकडे नंतर कधीतरी, एसी बंद पडला त्या दिवशी, स्वेटरशिवाय. म्हणजे मी मोजला होता तो माझ्या थंडीतला फरक.

दुसऱ्या खेपेला चिठ्ठ्या टाकून दोन्ही प्रकार मिसळले. केराटिन १७ टिकलं, बाकीची गेली. फक्त दोन रुग्णांच्या ट्यूबा उघडल्या तर तळाशी काहीच नव्हतं. सगळा दाणा पहिल्याच खेपेला संपवला होता मी.