टेबलावरचा भोर घाट

आजचा सगळा रविवार माझ्या मॉडेल रेल्वेच्या रुळांमध्ये खडी बसवण्यात गेला, आणि काय सुंदर गेला! कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम लहानपणी पाहिलं तेव्हापासून हे वेड आहे.

सध्या कर्जत-लोणावळ्याचा भोर घाट करतोय. खऱ्या घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, म्हणून कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडतात. तोच चढ घरी ठेवायचा तर २० सेंमी उंची गाठायला जवळपास साडेसात मीटर रूळ लागतो. खोली फिरून फिरून संपते!

खडी आधी कोरडीच ब्रशने सारखी करायची. मग पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा, त्यात थेंबभर भांड्यांचं लिक्विड हवंच. त्याशिवाय गोंद वरच गोळा होतो, दाण्यांत झिरपत नाही. लिक्विड घातलं की थेंब टेकताच खडी काळपट ओली होत जाते. ते बघत बसावंसं वाटतं.

माझं मॉडेल एचओ या मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७. तयार रुळाचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी, ते परदेशातल्या स्टँडर्ड गेजचं. आपल्या १६७६ मिमी ब्रॉडगेजला खरं तर १९.३ मिमी हवं. काहीजण हाताने तसा रूळ ठोकतात, त्यांना सलाम. मी तयार रूळच घेतो आणि जीव ओततो वाघिणींवर. कोळशाची वाघीण कोरी करकरीत असली की मला खोटीच वाटते. बोगींवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांवर, गंजाचा तपकिरी रंग, कडांना काळी पूड, वर मॅट वार्निश.

आता बोगद्यांची तोंडं करायची आहेत. थर्माकोलवर काळ्या दगडाची कमान कुणी कोरली असेल तर नक्की सांगा.