६० इंची घोडी आणि वाया गेलेले ४२ दिवस

३ मार्च आणि २४ मार्च. या दोन तारखा माझ्या डोक्यातून अजून जात नाहीत. दोन्ही वेळा माझी घोडी चिंगी माजावर होती आणि आम्ही वडोदऱ्यात एका फोनची वाट बघत बसलो होतो.

चिंगी अस्सल थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची. महालक्ष्मीला दोन हंगाम पळाली, एक शर्यत जिंकली, पाय दुखावला म्हणून मालकाने विकायला काढली तेव्हा मी घेतली. आमचं घर दांडिया बाजारात, तबेला पादऱ्याच्या रस्त्याला वडिलांनी घेतलेल्या जमिनीत. घोडीची उंची बरोबर ६० इंच. चार इंचांचा एक हँड, म्हणजे १५ हँड. शर्यतीचा घोडा साधारण १६ हँडांचा असतो, तेव्हा ही लहानच, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. पण हिच्या आईने आणि मावशीने जिंकणारी शिंगरं दिली आहेत. शेवटच्या दोनशे मीटरला कान मागे टाकून, मान लांबवून ती कशी पळायची ते मी कठड्याला टेकून पाहिलंय. मला तिचं शिंगरू हवंच होतं.

इथे पहिल्यांदा सगळे विचारतात की एवढा खटाटोप कशाला, जवळच्याच एखाद्या काठियावाडी घोड्याकडे का नेत नाही? तर शर्यतीत पळायचं असेल तर आई आणि बाप दोघंही स्टड बुकात, म्हणजे थरोब्रेडच्या वंशाच्या नोंदवहीत, नोंदलेले हवेत. शिवाय थरोब्रेडला कृत्रिम रेतन चालत नाही. घोडीला घोड्याकडे न्यावंच लागतं, आमच्यासाठी म्हणजे थेट पुण्याच्या बाजूला. घोडा निवडणं, फी ठरणं, रक्ताच्या तपासण्या, गर्भाशयाचा स्वॅब हे सगळं जानेवारीत उरकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते तो घोडा ज्या स्टड फार्मवर, म्हणजे पैदाशीच्या जागी, होता तिथल्या ऑफिसात. फॉर्ममध्ये उंचीचा एक रकाना होता, मी तिथे १५ लिहिलं. १९ फेब्रुवारीला फोन आला. "ताई, घोडी फार लहान आहे हो. साहेबांना विचारावं लागेल." विचारा म्हटलं. चार दिवसांनी डॉक्टरचा दाखला मागितला. दाखला पाठवला, तर नाल काढून मोजलंय का, असा प्रश्न आला. आमच्या सईसाने नाल काढले. तबेल्यापुढच्या फरशीवर पाणी ओतून आधी ती सपाट आहे का ते बघितलं, चिंगीचे चारही पाय सरळ उभे करून घेतले आणि डॉक्टरांनी खांद्यावरच्या उंचवट्याला मापकाठी टेकवली. ती हलली की पुन्हा. तीनदा मोजलं. पुन्हा ६० इंच, नालाच्या जाडीचा फरक सोडला तर तेवढंच. दुसरा दाखला गेला. मग साहेब मुंबईला होते. मग साहेब मीटिंगमध्ये होते. तोवर ३ मार्च येऊन गेला. घोडी २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस राहते. त्या दिवसांत ती फार्मवर नसेल तर तो महिना गेलाच.

मग खरं कारण बाहेर आलं. "घोडा १६ हँड २ इंच आहे ताई. लहान घोडीच्या पोटात मोठं शिंगरू वाढलं तर अडेल, मग आमच्यावर येईल." मी फोनवरच सांगितलं की असं होत नाही. १९३८ साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी शायर जातीचे अवाढव्य घोडे आणि शेटलंडची बुटकी तट्टं यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून दाखवला. बाप केवढाही असो, शिंगरू जन्मताना आईच्या मापाचं होतं. शेटलंड आईची शिंगरं शायर आईच्या शिंगरांच्या साधारण एक तृतीयांशच होती. गर्भाशयात जागा किती आणि वार किती पसरते, यावर ते ठरतं. लहान घोडीचा खरा प्रश्न अडण्याचा नाही, शिंगरू लहान जन्मण्याचा आहे, आणि ती जबाबदारी माझी होती, त्यांची नाही. पलीकडून "हो हो, साहेबांना सांगतो" एवढंच आलं. २४ मार्चही गेला.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, शिंगरू कधीही जन्मलं तरी, म्हणजे उशिरा जन्मलेल्याला आपल्याहून मोठ्यांबरोबर पळावं लागतं. ३ मार्चला फळली असती तर ११ महिन्यांच्या हिशेबाने फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात व्याली असती. लहान आईचं, त्यात पहिलटकरणीचं शिंगरू आधीच हलकं असतं, त्याला तर एकेक आठवडा हवा. आणि घोडी लहान म्हणून त्यांनी तिच्याच शिंगराचे ४२ दिवस घालवले.

शेवटी मी स्वतः गेले. सोबत एक कागद नेला: शिंगरू अडलं तर सगळी जबाबदारी माझी, खाली सही. साहेब तिथेच होते. दोन मिनिटांत वाचून म्हणाले, "हे आधीच दिलं असतं तर?" कुणी मागितलंच नव्हतं! म्हणून सांगते, उंची, वय, पहिलटकरीण की नाही, याबद्दल काही अट आहे का ते डिसेंबरातच लेखी विचारा आणि असा कागद पहिल्या दिवशी फॉर्मला जोडा.

१४ एप्रिलला चिंगी फळली. सोळाव्या दिवशी सोनोग्राफीत गर्भ दिसला.

सेलीनी नावाच्या घोडीबद्दल सांगायचं राहिलं. ही इंग्लंडची घोडी इतकी लहान होती की मालकाने तिला मोठ्या क्लासिक शर्यतींना घातलंच नाही. तिच्या पोटी हायपेरियन जन्मला. तोही जेमतेम १५ हँड दीड इंच, आणि १९३३ ची डर्बी जिंकला. आपल्या वडोदऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी १९४५ मध्ये २८,००० गिनी मोजून सयाजीराव नावाचा घोडा घेतला तो डर्बी जिंकलेल्या दान्तेचा सख्खा भाऊ म्हणून, आणि १९४७ ला त्याने सेंट लेजर ही क्लासिक शर्यत जिंकली. रक्त बघून घोडा घेणं हे वडोदऱ्याला नवीन नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत चिंगीचा खुराक वाढवला, पण पोट सुटेल इतका नाही. २५ मार्चच्या पहाटे तीनला ती व्याली, वीस मिनिटांत, कुणी हात न लावता. शिंगरी झाली. घोड्यांच्या माणसांचं एक-दोन-तीन लक्षात ठेवा: एका तासात उभी, दोन तासांत दूध, तीन तासांत वार पडलेली. आमची चाळीस मिनिटांत उभी राहिली, पुढचे पाय फाकवून, पडली, पुन्हा उठली. चीक पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा, शिंगराला रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. सईसाने तिला कवेत घेऊन वजनकाट्यावर पाय ठेवला, मग एकटा उभा राहिला, वजाबाकी केली: ४१ किलो. थरोब्रेडचं शिंगरू ५० च्या आसपास असतं. हलकी, पण पाय लांबसडक.

नोंदणीसाठी डीएनएचा नमुना, मायक्रोचिप आणि अंगावरच्या खुणांचा नकाशा लागतो. डॉक्टर कपाळावरचे, मानेवरचे भोवरे कागदावर फुल्या मारून काढत होते, तेव्हा वडिलांचे ऐंशीच्या घरातले एक मित्र काठी टेकत आले आणि तेच भोवरे बघू लागले. कंठावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, सापडला तसे हात जोडून म्हणाले, "ही घराला लाभणार." डॉक्टरांनी त्याच जागी फुली मारली.

यंदा चिंगीला दुसऱ्या फार्मवर पाठवतेय. फोनवर मी आधीच सांगून टाकलं, घोडी ६० इंची आहे. पलीकडच्या माणसाने विचारलं, "बरं. माजावर कधी आली होती?" आणि तारीख लिहून घेतली.