वाघाची वाट, उलटीकडून

मणदूरच्या नाक्यावर आम्ही सकाळी साडेसहाला हजर, आणि आमचं सफारीचं बुकिंग कुणाच्याच वहीत नाही. पैसे गेल्याचा मेसेज मोबाइलवर होता, पण तो दाखवून उपयोग होईना. शेवटी इस्लामपूरच्या एका कुटुंबाने जिप्सीत मागे सरकून आम्हाला जागा करून दिली. त्यांच्या धाकट्या मुलाने निघता निघताच विचारलं, "वाघ दिसणार ना?" गाइडने गाडीच्या दांड्याला धरून शांतपणे उत्तर दिलं, "गाभा सहाशे चौरस किलोमीटरचा, वाघ एका हाताच्या बोटांवर. बघ बाळा हिशेब करून."

मुलगा गप्प झाला. आम्हाला हिशेब आधीच माहीत होता. वाघ बघायला आलोच नव्हतो. तो कुठून आला असेल, ते बघायला निघालो होतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये राधानगरीच्या जंगलातल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीतल्या कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. पट्टे जुळवून पाहिले तर तोच. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर दोन्ही जंगलांमध्ये साठ-सत्तर किलोमीटर. पण वाघ फूटपट्टीवरून चालत नाही, त्यामुळे तो प्रत्यक्षात किती चालला असेल हे त्यालाच ठाऊक. माझा मावसभाऊ कोल्हापूरचा. ही बातमी वाचल्यापासून दादाच्या डोक्यात एकच खूळ होतं : हा ज्या वाटेने वर आला ती वाट आपण गाडीने उलटी करू. चांदोलीतून निघून डोंगराची कड जमेल तितकी धरत राधानगरी, आंबोली, आणि शेवटी गोव्याच्या वेशीवर तिलारी. तीन दिवस, एक जुनी गाडी. फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरला.

चांदोलीबद्दल एवढंच सांगतो की जनीचा आंबा नावाची जागा आणि झोळंबीचा सडा बघून मी बराच वेळ बोललो नाही. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं सपाट रान. पावसाळ्यात फुलांनी भरलेलं असतं म्हणतात, आत्ता नुसतं पिवळं गवत आणि वारा. झोळंबी हे एके काळी नांदतं गाव. वारणेवरचं धरण आणि नंतर अभयारण्य यात इथली गावं उठून गेली. कोयना आणि चांदोली ही दोन जंगलं मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यात वाघाला जी मोकळीक मिळाली ती कुणाच्या तरी मोकळ्या झालेल्या अंगणातून मिळाली. त्या सड्यावर उभं राहिलं की हे विसरता येत नाही.

बाहेर पडल्यावर नाक्याजवळच्या टपरीवर चहा पिताना एका वनरक्षकाशी गप्पा झाल्या. मी विचारलं, नर जर इतक्या लांबून आपला आपण येतो, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण इथे मुद्दाम आणून का सोडावी लागली? तारा नाव ठेवलंय तिचं. तो हसला.

"आपल्याकडं कसं, पोरगं मुंबईला जातंय आणि पोरगी शेजारच्या गावात देत्यात. वाघाचंबी तसंच."

माझ्या डोक्यात हे इतक्या सरळ कधी आलं नव्हतं. नर वयात आला की आईचा इलाखा सोडून लांब भटकतो, नद्या ओलांडतो, रस्ते ओलांडतो. मादी शक्यतो आईच्या इलाख्याला लागूनच आपलं घर करते. म्हणजे कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापासून चांदोलीपर्यंत मादीला यायचं असेल तर ती एका दमात येणार नाही. मधल्या एखाद्या जंगलात ती राहील, तिला पिल्लं होतील, त्यातली एखादी थोडी पुढे सरकेल. हे काम दोन-तीन पिढ्यांचं. नराला नुसती वाट पुरते. मादीला वाटेत घर लागतं, आणि घर म्हणजे पाणी, सांबर-भेकर, आणि पिल्लं लपवायला रात्रंदिवस माणूस फिरकणार नाही अशी घळ.

सह्याद्रीतल्या तिन्ही नरांना सेनापती, सुभेदार, बाजी अशी नावं मिळाली आहेत. फौज पोचली, संसार नाही पोचला. मग पुढच्या तीन दिवसांत मी प्रत्येक वळणावर एकच गोष्ट बघत होतो : इथे बाळंतपण होईल का?

मलकापूरमार्गे आंबा गावात मुक्काम. आंबेश्वराच्या देवराईत संध्याकाळी तासभर बसलो. बाहेर ऊन होतं, आत दिवेलागण झाल्यासारखं. देवाच्या धाकाने राखलेलं हे रान लहान आहे, पण शेकरूचं घरटं पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. रात्री हॉटेलच्या खोलीत झोपेपर्यंत रत्नागिरीकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते.

इथेच खरी अडचण कळायला लागते. सह्याद्री दक्षिणोत्तर पसरलाय. वाघाला जायचंय दक्षिणोत्तर. आणि माणसाचे सगळे घाटरस्ते पूर्व-पश्चिम : आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली, तिलारी. देशावरचा माल कोकणात आणि कोकणातला देशावर. राधानगरीहून चांदोलीला निघालेल्या जनावराला यातले किमान तीन रस्ते ओलांडावेच लागतात. डावीकडे कोकणाचा तुटलेला कडा, उजवीकडे ऊस. मधली जंगलाची पट्टी कुठे कुठे इतकी चिंचोळी की गाडी थांबवून मान वळवली तर दोन्ही टोकं दिसावीत.

दुसऱ्या दिवशी गजापूरच्या पुढे आम्ही पंक्चर झालो. आता हे सांगायला मजा वाटते, तेव्हा वाटली नव्हती. स्टेपनीतही हवा कमी. दादा एका दुचाकीवाल्याच्या मागे बसून चाक घेऊन गेला आणि मी दोन तास गाडीपाशी एकटा. इतका वेळ एखाद्या रस्त्याकडे मी आयुष्यात बघितलं नसेल.

एका बाजूला डोंगर कापलेला, माझ्या उंचीच्या दुप्पट उभी तांबडी भिंत. दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि त्याखाली उतार. भिंतीच्या पायथ्याशी, मुरमाच्या ढिगावर, गव्याचे खूर उमटलेले. सांगायला कुणी नव्हतं, पण एवढा रुंद खूर दुसऱ्या कुणाचा असणार? खुणा रस्त्याला लागून पुढे गेल्या होत्या. मी त्यांच्या मागे चालत निघालो. जनावर भिंतीला लागून चाललं होतं, एके ठिकाणी वर चढायचा प्रयत्न केलेला, माती ओरबाडून खाली आलेली. पुन्हा पुढे. मी पावलं मोजली, दोनशे चाळीस. मग भिंत संपली, ओढ्याची मोरी आली, आणि खुणा ओढ्यातून वर रानात गेल्या. दिवसभरात पंधरा-वीस गाड्यांची वर्दळ असलेल्या रस्त्यावर ठीक आहे. हीच भिंत चौपदरी रस्त्याला असेल तर ते दोनशे चाळीस पावलं ट्रकच्या दिव्यांपुढे पळत जाणार. आणि मागे पिल्लू असेल तर?

विदर्भात पेंचजवळ नागपूर-जबलपूर महामार्ग जंगलातून जातो तिथे रस्ता खांबांवर उचललाय, त्यातला एक पूल तर ७५० मीटरचा. खालून वाघ, चितळ, रानकुत्री जातात, कॅमेऱ्यांनी टिपलंय. तिथली जमीन सपाट आहे. घाटात असा पूल बांधणं वेगळं आणि महाग, हे मान्य. पण मी बघितली ती मोरी अजून मीटरभर उंच आणि दोन मीटर रुंद बांधली असती तर जनावर रस्त्यावर आलंच नसतं. मोरी काय, बांधायचीच होती.

दादा आला तेव्हा अंधारत आलं होतं. चाक बसवताना दरीतून सांबराचा आवाज आला, एकच, भोंगा वाजवून कुणी बंद करावा तसा. दादाने पान्हा खाली ठेवला. पुढे काही झालं नाही.

गगनबावडा रात्री ओलांडला, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

राधानगरीला मात्र थांबलो. दाजीपूरचं हे रान कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं जंगल, १९५८ साली गव्यांसाठी राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. गवे इथे जपले गेले आणि वाढले, आणि आता ते अभयारण्याच्या पाट्या वाचत नाहीत. फोंड्याच्या रस्त्याला एका रसवंतीवर उसाचा मालकच भेटला. वैतागलेला, पण चिडका नाही. "गवं खात्याचं म्हणत्यात, पण ऱ्हात्यात माझ्या रानात. पंचनामा हुतो, न्हाई म्हणत न्हाई. पैसं याला पुढचा ऊस तुटतोय." रस मात्र त्याने आल्याचा तुकडा घालून फक्कड दिला.

त्याच दुपारी भुदरगडच्या बाजूला एक सडा जळताना पाहिला. कुणीतरी गवताला काडी लावली होती. जाळलं की पावसाळ्यात चारा जोमाने येतो ही जुनी समजूत. गाडी थांबवून पायी वर गेलो तेव्हा ज्वाळा पुढे निघून गेल्या होत्या. मागे काळा माळ, त्यात पांढऱ्या राखेच्या रेघा, आणि आकाशात कोतवाल पक्ष्यांचा दंगा, उडणारे किडे पकडायला. एका दगडाच्या आडोशाला भेकराच्या लेंड्या होत्या, भाजलेल्या. गवत गेलं की भेकर-ससे जाणार, ते गेले की वाघिणीच्या ताटात काय? चांदोलीत सागरेश्वरहून चितळ नेऊन सोडलेत, ते याचसाठी. एकीकडे ट्रकने चितळ आणायचे आणि दुसरीकडे काडीपेटीने भेकरं हाकलायची, असा आपला कारभार.

नकाशावर मात्र ही मधली पट्टी आता कोरी नाही. २०२० पासून पुढच्या वर्ष-दीड वर्षात सरकारने इथे एकामागून एक संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर केली : विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड, आंबोली-दोडामार्ग, तिलारी. अभयारण्यासारखं इथे गाव उठवावं लागत नाही, लोकांचे हक्क तसेच राहतात. सरकारी वनजमीन तेवढी राखली जाते. हे शहाणपणाचं काम झालं यात शंका नाही. पण तिलारीचं क्षेत्र साडेएकोणतीस चौरस किलोमीटर. वाघिणीला एकटीला जेमतेम. बाकी सगळं मालकीचं रान आणि बागायत.

चंदगडहून तिलारीचा घाट उतरलो तेव्हा ब्रेकचा वास येत होता. उतार आहेच तसा. खाली आलं की हवा बदलते, भाषा बदलते, झाडंही बदलतात. रस्त्याच्या कडेने काजू, मग एकदम शिस्तीत लावलेलं रबर, रांगच्या रांग, खाली गवताची काडी नाही. लांबून हिरवं दिसतं. आत शिरून पाहिलं तर पक्ष्याचा आवाज नाही. अध्येमध्ये 'जमीन विकणे आहे' असे फलक. एकावर 'धरणालगत, व्ह्यू उत्तम'.

ज्यांच्याकडे राहिलो ते काका साठीचे. काजू, थोडी सुपारी, चार गुरं. मी वाघाचं काढल्यावर म्हणाले, "माका वाघाचो भंय नाय, हत्तीचो हा. वाघ एक गोरू खाता. हत्ती सगळी बागायत खाता." कर्नाटकातून हत्ती इकडे उतरायला लागले त्याला २००२ पासून वीस वर्षांहून जास्त झाली. वाघाबद्दल मात्र काका वेगळ्याच सुरात बोलत होते. वाघबारशीला इकडे गावातल्या एखाद्या पोराला वाघ करतात, बाकीची पोरं त्याला हाकलत नेतात. "ल्हानपणी मी वाघ झाल्लंय," काका म्हणाले, आणि मावशी आतून हसल्या. "खूप मारलो हेका पोरांनी."

मग थोड्या वेळाने, हसणं थांबल्यावर, त्यांनीच गोव्याचा विषय काढला. जानेवारी २०२० मध्ये पलीकडे सत्तरीतल्या गोळावली गावाजवळ, म्हादई अभयारण्यात, चार वाघ मेलेले सापडले. विषबाधा. एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं. आधी कुणाची तरी गुरं मारली गेली होती.

म्हणजे मी तीन दिवस जिचं घर शोधत होतो ती इथे होती. वाटेत घर केलेलं, पिल्लंही झालेली. त्यातली मादी असती तर कदाचित शेजारी तिलारीला सरकली असती, आणि तिची एखादी मुलगी पुढे आंबोलीच्या जंगलात.

"गोरू गेला काय मानूस खुळो जाता," काका म्हणाले. "त्याच दिवशी कोणी येऊन पैशे दिले तर नाय करूचो. चार म्हयन्यांनी दिले तर काय उपेग?" राधानगरीचा उसवाला हेच सांगत होता, फक्त दुसऱ्या बोलीत.

निघताना मावशींनी ओले काजूगर कागदात बांधून दिले. मला सोलून दिले होते. दादाला फुशारकी, त्याने चार बिया टरफलासकट मागून घेतल्या आणि गाडीत सोलायला बसला. त्या टरफलाचा चीक कातडी भाजतो हे मावशींनी दोनदा सांगितलं होतं. चोर्ला घाट चढताना गाडी मी चालवत होतो, कारण दादाच्या दोन्ही अंगठ्यांना फोड आले होते, आणि बेळगाव येईपर्यंत तो हात खिडकीबाहेर वाऱ्यावर धरून बसला होता.