शिखर अर्ध्या तासावर असताना

कंपन्यांच्या ट्रेकला एचआरची एक मागणी ठरलेली असते. माथ्यावर पोचलं की लीडरने 'डोंगर आपल्याला काय शिकवतो' यावर दहा मिनिटं बोलायचं. मी बोलतो, त्याचेही पैसे घेतलेले असतात. पण मनातून वाटतं, डोंगर कुणाला शिकवायला बसलेला नाही. त्याला आपण आलोय हेसुद्धा माहीत नसतं.

सप्टेंबर सरत आला होता. कळसूबाई, रविवार. घोटीला चहासाठी थांबलेली बस वेळेवर हललीच नाही, त्यामुळे बारी गावातून निघायला उशीर झाला. चढाला लागलो तर उतारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली, प्रत्येकाला तिच्यासोबत फोटो हवा. अकाउंट्समधले एक काका पहिल्याच टप्प्यात धापा टाकू लागले. मी त्यांना सगळ्यांच्या पुढे घेतलं.

मॅनेजर वैतागले. "त्यांना मागून येऊ दे ना, सगळ्यांच्या शेवटी चालायला बॅकलीड आहे की!"

मागे राहणाऱ्याचं काय होतं, ते मी बरंच पाहिलंय. पुढचे विसावा घेऊन उठतात तेव्हा हा कसाबसा पोचतो आणि लगेच त्यांच्यामागे निघतो. म्हणजे ज्याला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. पुढे ठेवला की वेग त्याचा आणि विसावाही त्याचा. हे सरांना पटलं नाही, पण काका चालत राहिले.

शेवटच्या मोठ्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, तिथे पोचलो तर वर जाणाऱ्यांची ही रांग! सगळ्यांचे हात लोखंडी कठड्यावर. भंडारदऱ्याच्या अंगाला ढग काळवंडला होता. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारनंतर हे नेहमीचंच. एक वीज लख्ख चमकली, मी आकडे मोजायला लागलो. चोवीसला गडगडाट ऐकू आला. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज आठ किलोमीटरवर. पुढची पंधरावर आली. पाच किलोमीटर.

"मागे फिरायचं," मी म्हणालो.

शिखर जेमतेम अर्ध्या तासावर होतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, १६४६ मीटर, त्यासाठीच तर सगळे आले होते. एचआरच्या मुलीच्या पाठीवर बॅनर होता. मॅनेजर म्हणाले, "वरचे लोक उतरतायत का? मग आम्हीच का?"

मी एवढंच सांगितलं की खाली जायच्या वाटेवरही शिड्याच आहेत, त्याही लोखंडी. वीज डोक्यावर आल्यावर त्या उतरता येणार नाहीत. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आलोच, मग माथ्यावर पाऊस असो वा नसो. काका पुढे, बाकीचे त्यांच्यामागे, एकेकाला सोडत आम्ही शिड्या उतरलो. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.

आणि मग काहीच झालं नाही! ढग रतनगडाच्या बाजूला सरकला. आमच्याकडे थेंबही पडला नाही, उलट ऊन पडलं. रांगेतले ते सगळे माथ्यावर जाऊन, देवीचं दर्शन घेऊन आले आणि बारीत आमच्याच शेजारी बसून एकमेकांना फोटो दाखवू लागले. अशा वेळी लीडरची फार पंचाईत होते. पाऊस कोसळला असता तर मी हिरो ठरलो असतो. पण तोच ढग, तीच वेळ पुन्हा समोर आली तर मी पुन्हा तिथूनच फिरवीन. ढग कुठे गेला ते नंतर कळतं, पाय मात्र आधी उचलायचा असतो.

पिठलं-भाकरीच्या पंगतीत मॅनेजर माझ्यासमोरच बसले. जरा वेळाने म्हणाले, "ढग येणार नाही हे आधी कळलं असतं तर?"

"तर वर नेलं असतं, सर."

"मग चूक झाली असं वाटत नाही?"

"नाही. तेव्हा कळलेलं नव्हतं ना."

त्यांनी ठेचा वाढून घेतला. "आमच्याकडे असं बोलणारा माणूस वर्षभर टिकणार नाही."

हे ऐकून अकाउंट्सचे काका इतके जोरात हसले की त्यांना ठसका लागला. पाण्याचा तांब्या सरांनीच पुढे केला.