काठीवरचा ‘अ’

जपानमधल्या शिकोकू बेटावर बौद्ध मंदिरांची पायी वारी आहे, त्या वाटेवरचं पहिलं मंदिर र्योझेन्जी. पांढरा सदरा, गवती टोप, शिक्क्यांची वही आणि काठी मी तिथेच घेतली. काठीच्या वरच्या टोकाला खाचा होत्या आणि त्यांच्याखाली पाच अक्षरं. दुकानातल्या बाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचून दाखवलं, “क्या, का, रा, बा, आ.” मी पुन्हा निरखून पाहिलं. ती सिद्धम् लिपी होती, आपल्या नागरीची जुनी भावकी. ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. घरापासून इतक्या लांब येऊन हातात घेतलेल्या पहिल्याच वस्तूवर ‘अ’ निघाला, आणि मला एकदम भरून आलं.

त्या मंदिराच्या नावातही गृध्रकूट आहे. राजगीरच्या ज्या टेकडीवर बुद्धांनी उपदेश केला, तिचंच नाव इथे दिलंय. मंदिराच्या डोंगराचं नाव जिकुवा. त्यातलं ‘जिकु’ म्हणजे भारत आणि ‘वा’ म्हणजे जपान.

ही वारी 88 मंदिरांची, साधारण 1200 किलोमीटरची. सगळी पायी करायची तर चाळीस-पन्नास दिवस लागतात. तेवढी रजा नव्हती, म्हणून मी फक्त तोकुशिमातली, म्हणजे जुन्या आवा प्रांतातली पहिली 23 मंदिरं ठरवली. तुकड्यातुकड्यांनी वारी करायची रीत तिथे जुनीच आहे आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

वाट कोबो दाइशींची, म्हणजे जपानी बौद्ध आचार्य कूकाई यांची. ते 774 साली याच बेटावर जन्मले. 804 मध्ये चीनला गेले, तिथे गुरू हुइगुओंकडून दीक्षा घेतली, भारताकडून आलेल्या प्रज्ञा नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकले आणि 806 मध्ये मंत्रांची शिदोरी घेऊन परतले. भाविकांच्या लेखी ते अजून गेलेले नाहीत, कोयासान डोंगरावर समाधीत आहेत आणि प्रत्येक यात्रेकरूबरोबर चालतात. म्हणून सदऱ्यावर, टोपावर सगळीकडे एकच लिहिलेलं असतं, ‘दोग्यो निनिन’. वाटचाल दोघांची. काठी म्हणजे साक्षात दाइशी. मुक्कामाला पोचलं की आधी काठीचे पाय धुवायचे, मग आपले.

हे मला तिसऱ्या दिवशी नीट कळलं. एका छोट्या पुलावरून मी काठी टेकत चालले होते. मागून येणाऱ्या म्हाताऱ्या यात्रेकरूने हळूच माझ्या काठीला हात लावला आणि ती उचलून धरायची खूण केली. थंडीच्या एका रात्री दाइशींना कुणी आसरा दिला नाही, ते पुलाखाली झोपले आणि ती एक रात्र त्यांना दहा रात्रींएवढी लांब वाटली, अशी कथा आहे. ते खाली निजले असतील, त्यांची झोप मोडू नये म्हणून पुलावर काठी वाजवायची नाही. पुढे प्रत्येक पुलावर मी काठी काखेत घेत गेले. खाली नुसता ओहोळ असला तरी.

बहुतेक लोक ही मंदिरं बसने किंवा गाडीने करतात. त्यात वयस्कर माणसं खूप, त्यांची श्रद्धा कुणी मोजू नये. पण पाय चालत असतील तर चालावंच असं माझं मत आहे, कारण मंदिरांइतकीच ही वारी मधल्या गावांची आहे. घरगुती मुक्कामाच्या जागा चालवणारी माणसं थकलीत, कितीतरी घरांना कुलपं आहेत. चालणारा तिथे राहतो, जेवतो, दोन शब्द बोलतो, त्यावर ही वाट जिवंत राहते.

आणि चालणाऱ्यालाच ओसेत्ताई, म्हणजे यात्रेकरूला वाटेत दिलेलं दान, भेटते. एका वळणावर आजीबाई वाट अडवून उभ्या राहिल्या आणि पाच मिकान संत्री माझ्या ओंजळीत ठेवली. आधीच ओझं झालं होतं, पण नाही म्हणायचं नसतं, कारण ते दाइशींनाच दिलेलं असतं. आपल्याकडे वारकऱ्याला ‘माउली’ म्हणून वाकतात, तसंच. मी रीतीप्रमाणे नाव लिहिलेली चिठ्ठी दिली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. संत्री उन्हाने कोमट झाली होती.

अकराव्या मंदिरापासून बाराव्या शोसान्जीपर्यंतची 13 किलोमीटरची डोंगरवाट मात्र माणसाची परीक्षा घेते. तिला ‘हेन्रो-कोरोगाशी’ म्हणतात, यात्रेकरूला लोळवणारी. पाचव्या तासाला दगडी पायऱ्या चढताना मी मान खाली घालून फक्त पुढची पायरी बघत होते. वर पोचून मान उचलली तर समोर दाइशींचा भलामोठा पुतळा आणि त्यामागे त्याहून उंच सुगी, म्हणजे जपानी देवदाराचं झाड. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. दमले होते म्हणूनही असेल.

शोसान्जीत पोचले तेव्हा पाच-सहा जण प्रज्ञापारमिता हृदयसूत्र म्हणत होते. जपानी उच्चारात शब्द कळत नव्हते, आणि मग शेवट आला: “ग्याते ग्याते हाराग्याते, हारासोग्याते, बोजी सोवाका.” गते गते पारगते, पारसंगते, बोधि स्वाहा. पुन्हा सुरुवात झाली तेव्हा शेवटच्या ओळीला मी माझ्या उच्चारात सूर मिसळला. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं आणि म्हणता म्हणताच मान डोलावली.

तेविसावं याकुओजी हिवासा गावात, समुद्राजवळ आहे. बायकांचं तेहतिसावं वर्ष तिथे अशुभ मानतात, म्हणून त्यांच्यासाठी असलेल्या 33 पायऱ्यांवर एकेक नाणं ठेवत वर गेले, पाच वाजता कचेरी बंद व्हायच्या आत शिक्का घेतला. चोविसावं मंदिर तिथून पंचाहत्तर किलोमीटरवर, मुरोतोच्या टोकाशी. मुक्कामावर काठी धुतली. दहा दिवसांत खालचं टोक झिजून झाडूसारखं पिंजलं होतं. ते पुसून कोरडं केलं आणि ‘अ’ वर राहील अशी काठी कोपऱ्यात उभी केली.